नवऱ्याचे नाव चालते, कुत्र्याचा पंजा का नाही?

बाईच्या अंगावर कोणाची खूण असावी, हे आपल्याकडे बाई सोडून बाकी सगळ्यांनी ठरवले आहे. गळ्यात नवऱ्याची, कपाळावर नवऱ्याची, पायाच्या बोटात नवऱ्याची, आणि गोंदण्याची चाल होती त्या घरांत हातावरही नवऱ्याची. या खुणा इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्यांबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. पण एखादीने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मनगटावर, मेलेल्या कुत्र्याचा नखाएवढा पंजा गोंदून घेतला की घरच्यांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि आपल्यातल्याही काहीजणींना तोंड फुटते.

हा लेख मी रागाने लिहिते आहे, हे आधीच सांगते. रागाचे कारणही सांगते.

एका पतसंस्थेत नोकरी करणारी बाई. लग्नाला चौदा वर्षे झालेली. घरात सहा माणसे, पण ती संध्याकाळी दमून आली की तिला पाहून आनंद होणारा जीव एकच, रस्त्यावरून उचलून आणलेला कुत्रा. एक कान उभा, एक पडलेला. तेरा वर्षांचा होऊन तो गेला. नवरा म्हणाला, ‘गेला ना? आता दुसरा आणू नकोस.’ सासूबाई म्हणाल्या, ‘जनावरासाठी दिवेलागणीला रडू नये, घराला लागतं.’ महिन्याभराने तिने डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला त्या दोन कानांची बाह्यरेषा गोंदून घेतली. सगळे मिळून एक इंचही नाही. रात्री नवऱ्याने ते पाहिले. ‘माझं नाव गोंदायचं कधी सुचलं नाही तुला?’ असे विचारत त्याने तोच हात पिरगळला. सुजलेला हात घेऊन ती आमच्या सल्ला केंद्रात आली.

आमच्या पुढच्या बैठकीत ही केस मांडली तेव्हा पहिला प्रश्न आला तो असा : ‘पण कुत्र्यासाठी टॅटू काढायचाच कशाला?’ हात का पिरगळला, हा प्रश्न त्यानंतर आला. एकजण तर हसलीच. मैत्रिणींनो, वीस-पंचवीस वर्षे आपण पोलीस ठाण्यात ‘ती रात्री बाहेर गेलीच कशाला?’ हा प्रश्न ऐकून संतापतो. तोच प्रश्न आपल्या सतरंजीवर बसून आपणच विचारावा?

कोणासाठी रडायचे याचाही परवाना

बाईच्या दुःखाला आपल्या समाजात आधी मंजुरी लागते. धर्मशास्त्राने त्याचे कोष्टकच करून ठेवले आहे. लग्न झालेल्या मुलीला सासरच्या, कधी तोंडही न पाहिलेल्या चुलत सासऱ्याचे सुतक दहा दिवस, आणि जिने जन्म दिला त्या आईचे सुतक तीन दिवस. म्हणजे किती दिवस आणि कोणासाठी, हे तिच्या काळजाने ठरवायचे नाही. ते तिच्या लग्नाने ठरते. स्मशानात तर तिने जायचेच नाही. अशा व्यवस्थेत एखादी बाई यादीत नसलेल्या जिवासाठी शोक करते आणि तो शोक पुसला जाणार नाही अशा ठिकाणी लिहून ठेवते, तेव्हा ती त्या कोष्टकाबाहेर पाऊल टाकते. घरच्यांना ते बरोबर कळते. म्हणूनच ते चिडतात. कळत नाही ते आपल्याला.

पुरुषाने कुत्र्यावर प्रेम केले की मात्र त्याची कथा होते. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर स्वर्गाच्या दारात उभा राहतो आणि सोबतच्या कुत्र्याला सोडून आत यायला नकार देतो. केवढी भूतदया, म्हणून आपण शतकानुशतके माना डोलावतो. पण त्याच वाटेवर थोडे आधी द्रौपदी कोसळली होती. सगळ्यांत पहिली तीच पडली. भीमाने विचारले, ही का पडली? धर्मराजाने उत्तर दिले की तिचा अर्जुनाकडे अधिक ओढा होता, आणि मागे वळूनही न पाहता तो पुढे चालू लागला. कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारणाऱ्याला बायकोसाठी दोन पावले थांबावेसे वाटले नाही. माझी तक्रार कुत्र्याबद्दल नाही. कुत्र्याबरोबर तो वागला ते बरोबरच होते.

नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट आपण लेकरांना सांगतो. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. खंडोबाबरोबर कुत्रा असतो. रायगडावर वाघ्या कुत्र्याची समाधी आहे; ती खरी की नाटककाराच्या कल्पनेतली, यावरून २०१२ साली पुतळा हटवण्यापर्यंत आणि पुन्हा बसवण्यापर्यंत मजल गेली, आणि २०२५ साली तो वाद पुन्हा पेटला. त्या वादात कोणाची बाजू बरोबर, हा इथे मुद्दा नाही. मुद्दा एवढाच की कुत्र्याचे स्मारक हा पुरुषांच्या जगात इतिहासाचा आणि अस्मितेचा गंभीर विषय ठरतो. बाईच्या मनगटावर आला की तोच विषय चोचला होतो.

‘कुत्री’ ही शिवी कोणासाठी?

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या भाषेत कुत्रा इमानी असतो, पण ‘कुत्री’ ही बाईला द्यायची शिवी आहे. बाई मोठ्याने बोलली की ती ‘भुंकते’. घराबाहेर पडली की ‘गावभर हिंडते’. इमान दोघांकडूनही मागायचे, उरलेसुरले दोघांनाही घालायचे, आणि दोघांची जागा उंबऱ्यापाशी. केंद्रात आलेल्या किती बायकांच्या तोंडून मी हे वाक्य ऐकले आहे : ‘ताई, त्या घरात मला कुत्र्यासारखं वागवलं.’ त्या घरात कुत्र्याला कसे वागवत असतील, याचीही कल्पना त्या वाक्यातून येते.

म्हणून जिला आयुष्यभर ही शिवी ऐकावी लागली, तिने कुत्र्याचे चित्र सन्मानाने अंगावर धारण करावे, यात मला काहीच विचित्र वाटत नाही. ज्याच्या नावाने आपल्याला हिणवले त्यानेच आपल्याला माया दिली, हे ती न बोलता सांगते.

खूण वेगळी, डाग वेगळा

आता आपल्याच मैत्रिणींचा खरा आक्षेप घेऊ. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्या म्हणतात, ‘आपण मंगळसूत्र, कुंकू, गोंदण यांवर इतकी वर्षे बोललो. बाईचे शरीर म्हणजे कोणाच्या मालकीची पाटी नव्हे, असे म्हणालो. मग आता ही नवी पाटी कशाला?’

शरीरावर जबरदस्तीने लिहिण्याचा इतिहास भीषण आहे, हे मीही जाणते. इंग्रजांच्या राजवटीत कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदला जाई. ती शिक्षा १८४९ साली कायद्याने बंद झाली. १९४७ च्या फाळणीत दोन्हीकडच्या पुरुषांनी पळवलेल्या बायकांच्या अंगावर आपल्या धर्माच्या आणि देशाच्या घोषणा कोरल्या. उर्वशी बुटालिया यांच्या, तसेच रितू मेनन आणि कमला भसीन यांच्या १९९८ साली आलेल्या पुस्तकांतून हे आपल्यासमोर आले. इतके मागेही जायला नको. डिसेंबर १९९३ मध्ये अमृतसरला पोलिसांनी पकडलेल्या बायकांच्या कपाळावर ‘जेबकतरी’ हा शब्द गोंदला. खिसेकापू म्हणून जन्मभराची पाटी. त्या बायका लढल्या, आणि संबंधित पोलिसांना न्यायालयाने शिक्षा सुनावायला २०१६ साल उजाडले. तेवीस वर्षे.

हे सगळे डाग आहेत. शेतकरी बैलाला डागणी देतो ती आपल्या मालकीची म्हणून. नवऱ्याचे नाव गोंदवणे हे पुष्कळदा त्याच जातीचे असते. आजही आमच्याकडे अशा मुली येतात, ज्यांच्या मित्राने ‘प्रेम खरं असेल तर माझं नाव गोंदून दाखव’ म्हणून गळ घातलेली असते. सतरा-अठरा वर्षांची पोर नाव गोंदून घेते, सहा महिन्यांत मार खाऊ लागते, आणि मग ते नाव पूर्ण बाहीखाली लपवत फिरते. लेसरने काढायचे तर अनेक फेऱ्या कराव्या लागतात, पैसेही गोंदण्याच्या कितीतरी पट जातात.

मग फरक कसा करायचा? मी एक साधी कसोटी वापरते. हे गोंदले नसते तर हिला कोणी काही केले असते का? नवऱ्याचे नाव नाकारणाऱ्या बाईला टोमणे बसतात, संशय घेतला जातो, कधी मार बसतो. कुत्र्याचा पंजा गोंदला नाही म्हणून कोणत्याही बाईला आजवर कोणी छळलेले नाही. मेलेला कुत्रा पुरावा मागत नाही. त्याला तिच्या अंगावर मालकी सांगायची नाही. या खुणेमागे कुठलीही सक्ती नाही, वचन नाही, भीती नाही. म्हणून ती खूण तिची स्वतःची आहे.

आणि आपल्या आज्या-पणज्यांच्या गोंदणाकडेही एकाच नजरेने पाहू नका. गोंदण केवळ जाच होते, हेही खरे नाही. काजळीत बुडवलेल्या, एकत्र बांधलेल्या सुयांनी टोचून घेताना त्या रडल्या, हे खरे. पण बाई मेली की सोबत गोंदण तेवढे जाते, असे त्या म्हणत, त्यात एक मोठे सत्य होते. सोने सासऱ्याचे, जमीन नवऱ्याची, घर मुलाचे. विधवा झाल्यावर तर अंगावरचे होते नव्हते तेही उतरवून घेतले जाई. गोंदण कोणालाच उतरवता येत नसे.

मराठवाड्यातल्या एका मेळाव्यात पंचाहत्तरीच्या एक आजी भेटल्या. हातावर तुळस, विंचू, ठिपक्यांच्या रांगा आणि पुसट झालेले भावाचे नाव. आमच्या एका तरुण कार्यकर्तीच्या हातावरचा पंजा त्यांनी निरखून पाहिला.

‘हे कुणाचं पाऊल गं, पोरी?’

‘कुत्र्याचं, आजी. आमच्या मोतीचं. मेला तो.’

आजी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मंग चांगलं हाय की. माझ्या चुलतीनं इच्चू काढाया लावला. त्यो काय माझा सोयरा व्हता?’

शिबिरातल्या दोन तासांच्या चर्चेत जे आम्हाला सांगता आले नव्हते, ते आजींनी एका वाक्यात सांगितले. पंजा तरी काय असतो? चार ठिपके आणि खाली एक मोठा ठिपका. आजींच्या हातावरच्या ठिपक्यांपासून तो फार लांबचा नाही.

चोचले कोणाचे?

दुसरा आक्षेप वर्गाचा आणि जातीचा. दलित चळवळीतल्या एका मैत्रिणीने मला स्पष्ट विचारले, ‘ज्या तळ्याचे पाणी कुत्र्या-मांजरांना चालत होते ते आमच्या माणसांना बंद होते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना महाडला त्यासाठी सत्याग्रह करावा लागला. आम्ही कुत्र्याचे गोडवे का गावेत?’

तिचा प्रश्न बाजूला सारून पुढे जाणारा कोणताही प्राणिप्रेमी माझा सोबती नाही. घरातल्या कुत्र्याला वेगळी गादी आणि कामवालीला वेगळा कप, अशी घरे मी पाहिली आहेत. कुत्र्याच्या वाढदिवसाला केक आणणाऱ्या आणि कामवालीच्या दोन खाड्यांचे पैसे कापणाऱ्या बाईच्या मनगटावर कितीही सुबक पंजा असला, तरी माझ्या लेखी तो दिखावाच आहे. पण यात दोष माणसाला कुत्र्यापेक्षा खाली ढकलणाऱ्या जातिव्यवस्थेचा आहे. तळ्यावर पाणी प्यायला आलेल्या कुत्र्याने कोणाला अस्पृश्य ठरवले नव्हते.

आणि कुत्रा म्हणजे बंगल्यातलाच, हे गृहीत कोणी धरले? आमच्या वस्तीगटात घरकाम करणारी एक बाई आहे. वस्तीतले सार्वजनिक संडास रात्री वापरण्याजोगे नसतात, म्हणून बायका पहाटे अंधारात रुळांकडे जातात. तिथे टवाळ पोरे बसलेली असतात. तिच्या दारातला काळू, कोणाच्याही मालकीचा नसलेला, रोज तिच्यासोबत जायचा आणि ती परत निघेपर्यंत थांबायचा. नऊ वर्षे. ना पोलीस, ना नगरसेवक, ना आम्ही संघटनावाल्या. अंधारात तिच्यासोबत तो होता. त्याला गाडीने उडवले. तिने जत्रेतल्या गोंदणाऱ्याकडून हातावर ‘काळू’ अशी दोन अक्षरे गोंदून घेतली. तिच्यापुढे जाऊन ‘हे वरच्या वर्गाचे चोचले’ असे म्हणून दाखवा.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना भाकरी घालणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने दिसतात, आणि शिव्याही त्यांनाच बसतात. ‘पोर नाही म्हणून कुत्री सांभाळतेस का?’ हे वाक्य सोसायटीच्या सभेत उघड बोलले जाते. ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत डांबण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलला : नसबंदी आणि लसीकरण करून, पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री वगळता, बाकीची पूर्वीच्याच जागी सोडावीत, आणि खाऊ घालण्यासाठी जागा ठरवून द्याव्यात. हा वाद संपलेला नाही. कुत्रा चावतो तो बहुतेक वेळा गरिबाच्या पोराला, आणि रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, हे मी विसरलेले नाही. प्रत्येक सरकारी दवाखान्यात लस मिळालीच पाहिजे, नसबंदीचे काम कागदावर न राहता झालेच पाहिजे. या मागण्या आपल्याच आहेत. पण नगरपालिकेच्या नालायकीचा राग भाकरी घालणाऱ्या बाईवर काढणाऱ्यांना आपण पाठीशी घालता कामा नये.

लहान कशासाठी? आवडीने की भीतीने?

सध्या फॅशन आहे ती अगदी लहान, बारीक रेषेच्या टॅटूची. एका सुईने काढलेली कानाची बाह्यरेषा, मुटकुळे करून झोपलेल्या कुत्र्याची न तुटणारी एकच रेघ, कागदावर उमटवलेल्या खऱ्या पंजाची छोटी नक्कल, देवनागरीतले दोन अक्षरी नाव, गळ्यातल्या बिल्ल्याचा आकडा, शेपटीचा नुसता बाक. मला ही चित्रे आवडतात. मोठा आव न आणता आठवण ठेवण्याची ती रीत आहे. दुकानदारांनी त्याचाही बाजार मांडला आहे, दुःखाचे तयार नमुने विकायला ठेवले आहेत, तेही दिसते. पण बाजाराने मंगळसूत्राचा आणि करवा चौथचाही धंदा केलाच आहे. तेव्हा फक्त कुत्र्याच्या पंजापाशी येऊन आपला बाजारविरोध जागा व्हावा, हे काही खरे नव्हे.

मला खटकते ते वेगळेच. टॅटू काढून घेतलेल्या कितीतरी जणींना मी विचारले, ‘एवढाच का?’ उत्तरे ऐका. ‘घड्याळाच्या पट्ट्याखाली झाकला जातो.’ ‘बांगड्या भरल्या की दिसत नाही.’ ‘कानामागे आहे, केस सोडले की संपलं.’ ‘लग्न ठरायचं आहे, मुलाकडचे बघायला येतात.’ ‘साहेबांना चालत नाही.’ म्हणजे निम्म्या जणींच्या बाबतीत आकार आवडीने ठरलेला नाही. सासूची नजर, साहेबाची नजर आणि वरपक्षाची नजर चुकवून जेवढी जागा उरली, तेवढ्या जागेत त्यांनी आपले दुःख बसवले आहे. बायकांनी डब्याच्या तळाशी पैसे लपवावेत, तसे.

सरकारी नियमही पाहा. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत टॅटू चालतो तो डाव्या हाताच्या कोपराखाली आतल्या बाजूला किंवा हाताच्या पाठीवर, त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा लहान, आणि विषय कोणता? नाव किंवा धार्मिक चिन्ह. देवाचे चित्र घेऊन मुलगी भरतीला गेली तर हरकत नाही. कुत्र्याचा पंजा नियमात बसत नाही. कुत्र्याचे नाव ‘विठू’ असेल आणि तेच गोंदलेले असेल तर साहेब काय करतील, हे मला पाहायचे आहे! विनोद बाजूला ठेवू. भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना ही माहिती आधीच असली पाहिजे, कारण वर्षभर मैदानावर धावून शेवटी हातावरच्या खुणेपायी नोकरी जाणे परवडणारे नाही. आणि नियम मूर्ख असेल तर तो मूर्ख आहे, असेही आपण म्हटले पाहिजे.

लहान काढा, बारीक काढा, हवा तिथे काढा. पण कोणाच्या भीतीने काढता आहात, हे निदान स्वतःशी तरी बोला.

कायद्याला न दिसणारा जीव

ज्यांना हा सगळा विषय अजूनही हलका वाटतो, त्यांच्यासाठी कायद्याची गोष्ट. बाईला धाक घालायचा तर मुलाला मारायचे, हे आपल्याला माहीत आहे. तिच्या लाडक्या जनावराला मारायचे, हेही तितकेच चालते. ‘तू माहेरी गेलीस तर परत येईपर्यंत हा जिवंत राहणार नाही’, ही धमकी आम्ही केंद्रात ऐकली आहे. कुत्र्याला कोण सांभाळील म्हणून मार खात घरात राहिलेल्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. आणि आपल्या निवारागृहांत तिला जागा मिळते, तिच्या कुत्र्याला नाही.

कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा भावनिक छळाच्या व्याख्येत एक चांगली गोष्ट करतो. बाईला ज्या व्यक्तीबद्दल आस्था आहे, त्या व्यक्तीला इजा करण्याच्या वारंवार दिलेल्या धमक्या हाही तो छळच मानतो. पण शब्द ‘व्यक्ती’ असा आहे. कुत्रा व्यक्ती नाही. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा पाहावा, तर पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये जनावर मारण्या-लुळे करण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण तिथेही ते पाहिले जाते मालमत्तेचे नुकसान म्हणून. म्हणजे पुन्हा प्रश्न मालकीचा. तिची माया कुठल्याच कलमात मोजली जात नाही. म्हणूनच तक्रार लिहून घेताना जनावराला दिलेल्या धमकीची, मारहाणीची नोंद आपण मुद्दाम, तारीखवार केली पाहिजे. संरक्षण अधिकाऱ्यापुढे आणि न्यायाधीशापुढे ती भावनिक छळ म्हणूनच मांडली पाहिजे.

काही कामाच्या गोष्टी

हक्काची भाषा बोलताना आरोग्याची भाषा सोडून चालणार नाही. गोंदणाऱ्याने नवी सुई आपल्यासमोर फोडली पाहिजे, रंगाची वाटी वेगळी हवी, हातमोजे हवेत. जत्रेत एकच सुई दहा हातांना लागते. त्यातून कावीळ ब आणि क, एचआयव्ही यांचा धोका असतो. जखम भरायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर खाजवू नये, खपली काढू नये, विहिरी-तलावात पोहू नये. मधुमेह असेल, किंवा जखमेचा वण उंच वाढत असेल, तर आधी डॉक्टरला विचारावे. गरोदरपणात थांबावे. गोंदल्यानंतर बारा महिने रक्तदान करता येत नाही. बोटांवरची बारीक रेषा लवकर पुसट होते, मनगटाच्या आतली त्या मानाने टिकते.

गटांनी एक काम हाती घ्यावे, असेही मला वाटते. गोंदण्याची कला पिढ्यान् पिढ्या गावोगाव फिरणाऱ्या गरीब बायकांच्या हातात होती. आज झगझगीत दुकानांत ती बहुतांशी पुरुषांच्या हातात गेली आहे, आणि ठिपक्या-रेघांचे तेच जुने नमुने ‘नवीन’ म्हणून विकले जात आहेत. त्या कारागीर बायकांच्या मुलींना निर्जंतुक साधने आणि प्रशिक्षण मिळाले, तर हा धंदा त्या सन्मानाने करू शकतील. बचत गटांतून यासाठी कर्ज का मिळू नये?

शेवटी एवढेच. ‘माझ्या शरीरावर माझा हक्क’ ही घोषणा आपण बलात्काराच्या, सक्तीच्या नसबंदीच्या, गर्भलिंगचाचणीच्या प्रश्नांवर दिली. ती मोठ्या प्रश्नांसाठी राखून ठेवायची आणि इंचभर कातडीचा सवाल आला की हसायचे, असे करता येणार नाही. तुमच्या गटात पुढची अशी बाई येईल तेव्हा ‘कुत्र्यासाठी कशाला?’ असे विचारू नका. तिला त्या कुत्र्याचे नाव विचारा, तो कसा होता ते विचारा, आणि मग तिच्या तक्रारीचा पहिला कागद पुढे ओढा.